गोड्या पाण्यातला काटा

मासे खाणाऱ्या मराठी माणसांत दोन पंथ आहेत. एक खाऱ्या पाण्याचा, दुसरा गोड्या पाण्याचा. पहिल्याची गादी किनाऱ्याला. पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील ही त्याची दैवते, आणि त्यांची स्तोत्रे गाणारे लेखकही आपल्याकडे पुष्कळ. दुसरा पंथ घाटावरचा. नदीत, ओढ्यात, तळ्यात, धरणात जे सापडेल ते तो भाकरीबरोबर खातो आणि त्याबद्दल चारचौघांत फारसा बोलत नाही.

आमच्या घरात हे दोन्ही पंथ एका पंक्तीला बसतात. माझे लहानपण नीरा नदीच्या काठी गेले. सौभाग्यवतींचे माहेर मालवणचे. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण नदीच्या माशाला तिने अजून 'मासा' म्हटलेले नाही. 'ते तुमचं तळ्यातलं', एवढाच उल्लेख. तिचे आक्षेप दोन. एक, त्याला चिखलाचा वास येतो; आणि दोन, त्यात काटे फार. आमच्या धाकटीने तर बाराव्या वर्षीच तिसरा पंथ काढला आहे. तो 'बोनलेस' पंथ. पानात काटा दिसला की तिचे जेवण आटोपते.

दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण आक्षेप खरा असला म्हणून त्याला उत्तर नसते, असे थोडेच आहे? या दोहोंचे उत्तर मला भिगवणजवळच्या एका अंगणात, चुलीपुढे मिळाले. ते उत्तर स्वयंपाकापुरतेच उरले नाही, म्हणून हा लेख.

* * *

माझा एक जुना विद्यार्थी भिगवणच्या बाजूला शिक्षक आहे. 'सर, डिसेंबरात या. पाणी भरलेलं असतं, रोहित आलेले असतात,' असा त्याचा दरवर्षीचा निरोप. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघे निघालो. पुण्याहून सोलापूरच्या वाटेला लागलेली गाडी दौंडच्या पुढे गेली की जमीन सपाट होत जाते. उसाचे फड, बाभळी, मधूनच ज्वारीचा हिरवा पट्टा, आणि मग भिगवणचे स्थानक. तिथून विद्यार्थ्याच्या गाडीने त्याच्या गावाकडे जाताना एका वळणावर झाडे संपली आणि समोर एकदम समुद्र उभा राहिला. 'समुद्र' हा शब्द मालवणच्या बाईच्या तोंडून निघाला, म्हणूनच तो इथे लिहिण्याचे धाडस करतो.

हा समुद्र म्हणजे उजनी धरणाचा फुगवटा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमेला बांध घातला, तो १९८० साली पुरा झाला. धरणात सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. कागदोपत्री नाव यशवंतसागर. लोक नुसते 'उजनी' म्हणतात. पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, या तीन जिल्ह्यांच्या शिवारांत हे पाणी शिरले आहे. नदीकाठची काळीभोर जमीन, विहिरी, वाडे, देवळे असे सगळे त्याच्या पोटात गेले. पळसदेवचे जुने दगडी देऊळ त्यांतलेच. पाणी फार उतरले की ते आपले शिखर बाहेर काढते आणि पुण्या-सोलापूरची माणसे ते पाहायला धावतात.

हिवाळ्यात मात्र सगळे झाकलेले असते. कुंभारगावच्या बाजूला उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे असतात. गुलाबी पंख, काठीसारखे पाय, आणि उलटी मान करून चिखल चाळण्याचा तो अजब उद्योग. 'रोहित' म्हणजे तांबूस. पक्ष्याच्या अंगावरचा रंग पाहून हा शब्द कोणी दिला असेल ते सहज कळते. पण याच पाण्यात दुसराही एक रोहित राहतो, आणि त्याच्याकडे दुर्बीण लावून कोणी पाहत नाही. तो म्हणजे रोहू मासा. संस्कृतातला 'रोहित' झिजत झिजत 'रोहू' झाला, आणि प्राणिशास्त्राने त्याला पुन्हा 'लेबिओ रोहिता' करून ठेवले. एकाच शब्दाचे दोन वारस एकाच तळ्यात, एक पाण्यावर आणि एक पाण्याखाली, हे पाहून भाषेच्या मास्तरला आनंद झाला तर वाचकांनी क्षमा करावी.

* * *

विद्यार्थ्याचे वडील, म्हणजे आबा, पासष्टी ओलांडलेले. पहाटे साडेपाचला त्यांनी आम्हांला होडीत बसवले. संध्याकाळीच त्यांनी जाळी लावून ठेवली होती. वरच्या दोरीला प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या, खालच्या दोरीला शिशाचे मणी. त्यामुळे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. अंधारात पोहणारा मासा त्यात डोके घालतो. डोके जाते, अंग जात नाही. मागे सरावे तर कल्ल्यात दोरा अडकतो. जाळ्याच्या छिद्राला इथे 'आस' म्हणतात. आस केवढा, त्यावर कोणता मासा लागायचा आणि कोणता सुटून जायचा हे ठरते. सगळा धंदा आणि सगळी नीती त्या आसात आहे, हे मला नंतर कळले.

धुक्यातून होडी चालली होती. एका ठिकाणी आबांनी वल्हे थांबवले आणि खाली पाण्याकडे बोट केले.

'हितं आमचं रान व्हतं, गुरुजी. सात एकर. बारमाही हिरीचं पाणी. त्या तिकडं हीर.'

मी वाकून पाहिले. पाणी काळे होते आणि त्यात आमचीच डोकी दिसत होती.

'मग मासेमारी केव्हा शिकलात?'

'पाणी आलं तवा. म्या अठरा-एकोणीसचा असंन. रान गेलं, बैलं इकली. चार वर्सं हिकडं तिकडं मजुरी केली. मग भोयांच्या पोरांसंगं होडीत बसाय लागलो. नांगर धरायचा हात, त्याला वल्हं काय जमंना. पर जमवलं.' मग जरा थांबून म्हणाले, 'रान काय सोडलं न्हाई म्या. आधी नांगर धरून कसत व्हतो, आता जाळं टाकून कसतो.'

हे वाक्य त्यांनी टाळ्या घेण्यासाठी म्हटले नव्हते. जाळे ओढता ओढता सहज म्हटले. पण माझी धाकटी, जी तोवर थंडीने कुरकुरत होती, ती गप्प झाली आणि पाण्यात कितीतरी वेळ पाहत राहिली.

जाळे वर येऊ लागले. पहिला मासा चिलापी, दुसरा चिलापी, तिसराही चिलापी. करड्या अंगाचा, पाठीवर काटेरी तुरा असलेला हा मासा मूळचा आफ्रिकेतल्या मोझांबिककडचा. भारतात तो १९५२ साली आणला गेला. याची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्ले बाहेर आली तरी धोका दिसताच पुन्हा तोंडात घेते. इतकी काळजी घेणाऱ्या आईची संतती वाढायला वेळ काय लागणार? मग एक रोहू आला आणि एक मृगळ. हेही इथले नव्हेत. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांचे बीज हवे तेव्हा तयार करण्याची युक्ती ओरिसात हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली साधली, आणि मग ते देशभरच्या धरणांत सोडता येऊ लागले. म्हणजे या पाण्यात चिलापी परदेशची, रोहू-मृगळ परप्रांतीचे, आणि जाळे ओढणारा माणूस मूळचा शेतकरी. जो तो नव्याने वसलेला.

'मग भीमेचे स्वतःचे मासे कोणते?' मी विचारले.

आबांनी बोटे मोजली. 'शिंगाळा. मरळ. वाम. कोळशी. मल्या. आन् मोठ्या खवल्याची खुदरी म्हाताऱ्या भोयांच्या तोंडी व्हती, म्या काय पाहिली न्हाई. शिंगाळा, मरळ अजून लागत्यात. बाकीचं...' आणि त्यांनी हात हलवला.

* * *

ही नावे ऐकून मी दचकलो, कारण ती मी आधी वाचली होती, आणि तीही लॅटिनमध्ये. कंपनी सरकारच्या नोकरीत विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी होता. दख्खनची माहिती गोळा करताना त्याने इथल्या नद्यांतले मासेही गोळा केले, आणि १८३९ साली त्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. नावे ठेवताना त्याने पुष्कळदा भोयांच्या तोंडचेच शब्द उचलले. त्यामुळे आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आमच्या शिंगाळ्याला 'स्पेराटा सिंघाला' म्हणतो, मल्याला 'गारा मुल्या', कोळशीला 'हिप्सेलोबार्बस कोलस', आणि दख्खनच्या महाशीराला 'टॉर खुदरी'. याखेरीज एक 'बोगट' आहे, एक 'इचकिया' आहे, एक 'नुक्ता' आहे. वऱ्हाड्यांनी आणि देशस्थांनी मराठीचे काय केले याच्या चर्चा आम्ही वर्गात करतो. पण भीमेच्या भोयांचे शब्द लंडनच्या ग्रंथांत जाऊन बसले आहेत, हे कोणत्या पाठ्यपुस्तकात येत नाही.

आणि गंमत पाहा, शब्द जिवंत राहिले ते तिकडे. इकडे मासा गेला की त्याचे नाव म्हाताऱ्यांच्या तोंडी उरते आणि म्हाताऱ्यांबरोबर जाते. लोणावळ्याला टाटांच्या वीजकेंद्राच्या तळ्याकाठी महाशीराची पैदास १९७० च्या दशकापासून होत आली आहे, म्हणून खुदरीचा वंश तरी टिकला. मल्याची पैदास कोण करणार? तो बोटभर मासा. त्याला गिऱ्हाईक नाही.

माशांकडे कौतुकाने पाहण्याची परंपरा दख्खनला नव्हती असेही नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण घातले आहे. खवल्यांचे मासे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कसले आमिष लावावे, गळाची दोरी कशी असावी, हे सारे त्यात आले आहे. भीमेचा हा मुलूख त्याच राज्यातला. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आमच्या राजाला जे कुतूहल होते, ते आज आमच्या शहरी गिऱ्हाइकाला नाही. त्याचा प्रश्न एकच: 'काटे आहेत का?'

* * *

काठावर येताच आबांनी चिलापी बाजूला काढली. ती भिगवणच्या बाजारात लिलावाला जायची. शिंगाळा त्या दिवशी लागला नव्हता. घरासाठी त्यांनी ठेवला तो दीड-दोन किलोचा मृगळ.

'अहो, चिलापी ठेवा ना,' सौभाग्यवती हळूच म्हणाली. 'तिला काटे नसतात म्हणे.'

विद्यार्थ्याच्या आईने, आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो होतो, हे ऐकले. 'चिलापी काय, कोनीबी खाईल ताई,' त्या म्हणाल्या. 'पावन्याला मिरगळच करत्यात.'

घरात आबांच्या आई, नव्वदीच्या घरातल्या, माळकरी. पंढरपूर याच भीमेवर, धरणाच्या खालच्या अंगाला. आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांची आंघोळ व्हायची तर उजनीतून पाणी सोडावे लागते. त्यामुळे या काठावर एका घरात जाळेही असते आणि तुळशीची माळही. तडजोड अशी की मासा घरात येत नाही. त्याची चूल अंगणात, त्याचे पातेले वेगळे, त्याची विळी वेगळी. आजी ओसरीवर पाठ करून बसल्या आणि हरिपाठ म्हणू लागल्या. मधूनच मान न वळवता 'मीठ बेतानं घाल गं' म्हणून सुनेला सांगत होत्या.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. मावशींनी मृगळ राखेत घोळवला, म्हणजे हातातून निसटत नाही, आणि शेपटीकडून डोक्याकडे विळीची पाठ ओढत खवले उडवले. कल्ले उपटून काढले. पोट चिरताना पाते अगदी वरवर ठेवले, कारण आत पित्ताची हिरवी पिशवी असते. ती फुटली की सगळा मासा कडू. आतडी निघाली, तरी पोटाच्या आतून एक काळसर पातळ पापुद्रा राहतो. तो त्यांनी नखाने आणि मिठाने घासून घासून काढला. कण्याखालची रक्ताची रेघही पाण्याच्या धारेखाली बोटाने पुसली. 'वास ह्यातच असतो, ताई. लोक म्हनत्यात मासा चिखलाचा. मासा नसतो चिखलाचा, धुनारा आळशी असतो.'

मावशींचे म्हणणे बरेचसे खरे. उरलेला वास तळ्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचा आणि सूक्ष्म जीवाणूंचा. ते 'जिओस्मिन' नावाचे एक द्रव्य तयार करतात आणि ते माशाच्या चरबीत मुरते. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, त्यातही हेच द्रव्य असते. आंबट पदार्थाने ते मोडते. मावशींना जिओस्मिन ठाऊक नव्हते; पण तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा दाट कोळ चोळून त्यांनी ते अर्धा तास झाकून ठेवले, आणि मग पुन्हा धुतले. सौभाग्यवतीने एक तुकडा उचलून नाकाशी नेला. काही बोलली नाही. तिचे न बोलणे हे मी गुणपत्रिकेतल्या पहिल्या वर्गाइतके मानतो.

* * *

दुसरा आक्षेप जास्त अवघड, कारण तिथे निसर्गच माशाच्या बाजूचा.

माशाच्या अंगात काटे दोन तऱ्हेचे असतात. एक कणा आणि त्याला जोडलेल्या बरगड्या. हे काटे सरळमार्गी; दिसतात, हाताला लागतात, धरून ओढले की निघतात. दुसरे मांसाच्या आत सुटे रोवलेले असतात. कण्याशी त्यांचा सांधा नसतो. स्नायूंच्या थरांमधले पडदे ठिकठिकाणी कडक होऊन ते तयार होतात, आणि पुष्कळांना गलोलीच्या बेचकीसारखे दोन फाटे असतात. रोहू-मृगळाच्या कुळातल्या एका माशात असे सुटे काटे शंभराच्या आसपास भरतात. चिलापी, मरळ या माशांच्या कुळात ते नसतात, म्हणून बाजारात त्यांचा मान.

बेचकीचा काटा ही काही भीमेचीच अडचण नाही. युरोप-अमेरिकेतल्या थंड तळ्यांत पाइक नावाचा लांबट, सुसरीच्या तोंडाचा शिकारी मासा असतो. पिकरेल हा त्याचा धाकटा भाऊबंद. मांस पांढरेशुभ्र आणि चवदार, पण आत बेचक्यांची रांग. अमेरिकेतले गळवाले पातळ सुरीने ती रांग पट्टीच्या पट्टी कापून वेगळी काढतात. फ्रान्समधल्या लियों शहरात मांस खरवडून, कुटून, चाळणीतून गाळून त्याचे लांबट मुटके करतात. त्यांना क्वेनेल म्हणतात. बंगालात चितळ माशाच्या काटेरी पाठीचे तेच करतात: चमच्याने खरवडून मुठीत वळतात आणि त्याला 'मुइठ्या' म्हणतात. बंगाली मुइठ्या आणि आपला मुटका, दोन्ही 'मुठी'तूनच निघाले. काट्यापुढे हात टेकण्याऐवजी माणसाने जगभर त्याच हाताची मूठ वळली, असे म्हणायला हरकत नाही.

भिगवणची तऱ्हा याहून साधी. मावशींनी मृगळाचे चार वाटे केले. डोके कालवणाला, कारण चव डोक्यात. पोटाची पेटी मुलांना आणि पाहुण्यांना. तिथे फक्त बरगड्या, बारीक काटे जवळजवळ नाहीत. पाठ आणि शेपटीकडचा भाग मात्र बेचक्यांचे आगर. तो त्यांनी कातडीवर उताणा ठेवला आणि धारदार विळीने आडव्या चिरा द्यायला सुरुवात केली. दोन चिरांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढे अंतर. चीर मांसातून जायची, पण कातडी तुटायची नाही. कान देऊन ऐकले तर पाते काट्यावरून जाताना बारीक 'करर्' असा आवाज येत होता.

'चिरा दिल्या म्हंजी काटं ऱ्हात न्हाईत व्हय?' आबांनी मुद्दाम आमच्यासाठी विचारले.

'काटं ऱ्हात्यात. पर बारकं व्हत्यात. मंग त्याल बघून घेतं.'

एव्हाना सौभाग्यवतीने पदर खोचला होता. तिने मावशींच्या हातून विळी मागून घेतली. सुरमईच्या गाद्या कापणारा तो हात. पहिल्या दोन चिरा रुंद पडल्या, मग मापात आला. दोघी एकमेकींना सांगू लागल्या. हिने कोकमाचे, त्यांनी चिंचेचे. हिने ओल्या नारळाचे, त्यांनी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे आणि तिळाचे. अठरा वर्षांचा पंथभेद एका विळीवर मिटताना मी पाहिला, आणि शहाणपणाने दूर उभा राहिलो.

चिरलेल्या तुकड्यांना लसूण, तिखट, मीठ, हळद असे चोळले, थोडे ज्वारीचे पीठ लावले, आणि लोखंडी तव्यात चांगले कडकडीत तेल तापल्यावर कातडीची बाजू वर ठेवून सोडले. चिरांच्या फटींतून तेल आत शिरले, आणि तुकडे झालेले काटे त्यात कुरकुरीत तळून निघाले. तेल थंड असते तर मासा नुसता भिजला असता आणि काटे तसेच राहिले असते. कालवण दुसऱ्या चुलीवर: कांदा, खोबरे, तीळ, लसूण भाजून वाटलेले, वर काळा मसाला आणि चिंचेचा कोळ. डोके आणि मोठे तुकडे त्यात सोडून मंद आचेवर ठेवले. ढवळायचे नाही, पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवायचे, म्हणजे तुकडा मोडत नाही आणि काटा कालवणात सुटत नाही.

* * *

जेवायला अंगणातच बसलो. धाकटीच्या ताटात पेटीचा तुकडा पडला. तिने तो उलटापालटा केला आणि तपासनीसाच्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिले.

आबा तिच्या शेजारी येऊन बसले. 'डोळ्यानं काटा दिसत न्हाई, बाळ. बोटाला दिसतो.' त्यांनी आपल्या ताटातला घास अंगठा आणि दोन बोटांत हलकेच चुरला. 'आसं दाब. टोचलं का? काढ. न्हाई टोचलं? मंग घाल तोंडात. बोलायचं न्हाई, हसायचं न्हाई. भातासंगं खायाचा न्हाई, भातात काटा लपतो. भाकरीसंगं खा, भाकरीला चावावंच लागतं.'

मासा खाण्याच्या शास्त्रावर याहून नेमके मी काही ऐकलेले नाही. चमचा-काट्याने जेवणाऱ्याला हे साधणार नाही. ही विद्या बोटांच्या टोकांत असते. (आणि एवढी काळजी घेऊनही काटा घशात अडकलाच, तर कोरड्या भाताचे गोळे गिळून तो आत ढकलण्याचा घरगुती उपाय करू नये. डॉक्टरकडे जावे.) धाकटीने पेटी संपवली. मग चिरा दिलेला पाठीचा तुकडा स्वतः मागून घेतला. कुरकुर वाजवत खाल्ला. ताटाच्या कडेला तिने सापडलेले काटे ओळीने मांडले होते. त्यात दोन फाट्यांची एक बेचकी अखंड मिळाली, ती कागदात गुंडाळून शाळेत न्यायला ठेवली.

जेवणानंतर आबा सुपारी कातरत बोलत होते. काळजी त्यांच्या आवाजात नव्हती, पण शब्दांत होती. बारीक आसाची ओढजाळी आली आहेत. 'वडाप' म्हणतात त्यांना. ती बोटभर पिल्लेही सोडत नाहीत. 'रान पेरायच्या आधीच कापून न्यायचं, त्यातली गत.' दुसरी काळजी पाण्याची. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून इथे येते. पुण्यात आपण जे मोरीत ओततो, त्याचा शेवटचा मुक्काम आबांच्या सात एकरांवर असतो. नदीचा मासा 'घाण' म्हणून नाक मुरडणाऱ्या आम्हां पुणेकरांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

आणि तिसरी गोष्ट मी मनाशी जोडली. गिऱ्हाईक बिनकाट्याचा मासा मागते, म्हणून बाजार तोच मागतो, म्हणून होडीही त्याच्याच मागे जाते. ज्याला काटे, त्याला भाव नाही. ज्याला भाव नाही, तो मासा राहिला काय आणि गेला काय, विचारणारे कोणी नाही. कोळशी, मल्या हे सगळे काटेरी कुळातले. धरणाने त्यांचे वाहते पाणी थांबवले, आलेल्या पाहुण्यांनी त्यांच्या जागेत पथारी पसरली, हे तर खरेच. पण त्यांच्यासाठी कोणी हळहळले नाही, याचे कारण आमच्या ताटात आहे. मराठीत 'काटा काढणे' म्हणजे माणूस वाटेतून दूर करणे. भीमेच्या माशांचा आम्ही असाच काटा काढला.

* * *

मे महिन्यात एका लग्नासाठी पुन्हा त्या बाजूला जाणे झाले. उजनीचे पाणी उन्हाळ्यात मोजताना उणे आकडे सांगतात, कारण उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातले पाणी उतरू लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर तो आकडा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. या खेपेलाही पाणी खूप मागे हटले होते. रोहित निघून गेले होते. जिथे आम्ही होडीत बसून फिरलो होतो, तिथे आबा मला पायी घेऊन गेले.

गाळ वाळून भेगाळला होता. त्यात ताटाएवढे गोल गोल खळगे होते, शेकड्यांनी, आंब्याच्या झाडांना करतात त्या आळ्यांसारखे एका ओळीत. ती चिलापीची घरटी. नर तळाशी असा खळगा उकरतो आणि मादीला तिथे बोलावतो. पुढे दगडांचे एक कडे दिसले, आत गाळ भरलेला. ती आबांची विहीर.

पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक घाईने एक पीक घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. पाऊस आला, धरण भरू लागले की ते सोडून द्यायचे. आबांनी विहिरीच्या अलीकडच्या तुकड्यात वैरणीचा मका पेरला होता. तो कमरेएवढा झाला होता. त्यांनी एक पान तोडून हातात चुरले आणि मला विचारले, 'ताईंनी केला का मिरगळ घरी?'

'चार वेळा,' मी म्हणालो. 'पण मासेवाला म्हणतो, कोणी मागत नाही, म्हणून आणत नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते.'

'सांगत ऱ्हावा,' आबा म्हणाले, आणि मक्याच्या ओळीतून पाण्याकडे चालू लागले. होडी तिकडे दूर, आटलेल्या काठाला बांधली होती. संध्याकाळ होत आली होती आणि जाळी लावायची वेळ झाली होती.